पैसा पाकिटांवर नको, पाठपुराव्यावर लाव

पुणे

चि. मुली, अनेक आशीर्वाद.

चाकणच्या कंपनीत सीएसआर म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या विभागात रुजू झालीस आणि कुपोषणाचं काम स्वतःहून मागून घेतलंस, याचा फार आनंद झाला. तुझा आराखडा नीट वाचला. त्यातला बहुतेक पैसा पोषण किटवर आहे. तो तिथून काढ. घरात आलेला पावडरचा डबा सगळ्या भावंडांत वाटला जातो, आठवड्यात संपतो, आणि तीव्र कुपोषित मूल होतं तिथंच राहतं. पैसा लागतो तो त्या मुलाच्या घरी पुन्हापुन्हा जाणाऱ्या माणसासाठी.

कायद्याची अडचण नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेच लागतात, आणि अनुसूची ७ मध्ये अगदी पहिल्या नोंदीतच भूक, गरिबी आणि कुपोषण आहे. अडचण आहे ती वेळेची. कंपन्यांचा पैसा सुटतो मार्च अखेरच्या घाईत. मुलं ढासळतात पावसाळ्यात. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भातलावणीच्या दिवसांत आई दिवसभर चिखलात, घरातलं धान्य सरत आलेलं, त्यात जुलाब. म्हणून हे काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर करून घे. मग न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून पुढची तीन वर्षं वापरता येते. एका वर्षाचा कुपोषण प्रकल्प मला कधीच पटलेला नाही.

आता अंगणवाडीत जा, पण उद्घाटनाला नको. मोजमापाच्या दिवशी जा आणि कोपऱ्यात बस. दोन वर्षांखालच्या मुलाला फळ्यावर आडवं निजवून लांबी घेतात. एकीनं डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, दुसरीनं गुडघे हलकेच दाबून तळपायाला सरकती पट्टी लावायची. मूल रडतं, पाय आखडून घेतं. मदतनीस तेव्हा खिचडीपाशी असते आणि सेविका एकटी पडते. मग लांबी अंदाजानं लिहिली जाते. दीड-दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले की मुलाची श्रेणीच बदलते. वजनकाट्याचंही तेच: सेल संपलेले, शून्यावर न येणारा काटा. तुमच्या शॉपफ्लोअरवर कॅलिब्रेशन नसलेलं, म्हणजे अचूकता न तपासलेलं मोजमापाचं गेज कुणी हातात घेत नाही. तुमच्या क्वालिटी विभागाची दोन माणसं दर तीन महिन्यांनी तालुक्यातले काटे तपासायला गेली, तर ती मदत कुठल्याही चेकपेक्षा मोठी ठरेल. बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना आधी भेटून परवानगी घे, समांतर यंत्रणा उभी करू नकोस.

दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला की मूल तीव्र कुपोषित. भूक चांगली असेल, दुसरा आजार नसेल, तर गावातल्या ग्राम बाल विकास केंद्रात भागतं. नाहीतर पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल करावं लागतं आणि आईला तिथे राहावं लागतं. बुडीत मजुरी मिळते, तरी आया आठवड्याच्या आत परततात, कारण घरी दुसरं लेकरू असतं. त्या लेकराला सांभाळणाऱ्या बाईचं मानधन, जाण्या-येण्याचं भाडं, घरी परतल्यावरच्या भेटी: यासाठी सरकारी बजेटमध्ये हात आखडता असतो. तुझा पैसा इथे घाल.

साहेब ‘कुपोषणमुक्त गाव’ असं उद्दिष्ट मागतील. ठाम नाही म्हण. आकडा शून्यावर आणायचा दबाव आला की मुलं बरी होत नाहीत, रजिस्टरातून गायब होतात. नीट मोजायला लागल्यावर पहिल्या वर्षी आकडा वाढेल, हे त्यांना आधीच लेखी सांगून ठेव. २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी होती. २०१९-२१ च्या पाहणीत ३५.२. राज्य जिथं हललं नाही, तिथं एक कंपनी बारा महिन्यांत गाव ‘मुक्त’ करू शकत नाही.

अजून एक. बाळाची दूध पावडर किंवा बेबी फूड बनवणारी कंपनी भागीदारीला आली, फुकट डबे देऊ म्हणाली, तर दार बंद कर. बाळांच्या दूधपर्यायांविषयीच्या १९९२ च्या कायद्यानं अशा नमुन्यांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना लाभ देण्याला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत निव्वळ अंगावरचं दूध, त्यात तडजोड नाही.

आईला विसरू नकोस. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं जवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. दूध, पालेभाज्या, फळं जास्त खाणाऱ्यांची बाळं जन्मतः मोठी होती. आराखड्यात गरोदर बाईसाठी एक ओळही नाही, ती घाल.

आणि शिरूर-दौंडकडे ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांची मुलं कुठल्याच अंगणवाडीच्या यादीत नसतात. दसऱ्याआधी कारखान्यांशी बोलून त्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, कुठे पडणार ते विचारून घे. सुधारलेला मसुदा झाला की पाठव, खर्चाचं पान मी आधी वाचेन.