गाडीत कोण कुणाशेजारी बसतं

पोरी,

रात्री दोन वाजता पाठवलेला तुझा व्हॉइस मेसेज सकाळी मशीनवर बसल्या बसल्या तीनदा ऐकला. तू कुस्ती शिकतेस तिथल्या मुलींना त्रास देणाऱ्यांची सात नावं आहेत आणि उद्या सगळी पोस्ट करते, म्हणालीस. टाकली नसशील तर आधी हे वाच. टाकली असशील तरी वाच.

मी इथे इंग्लंडात इंडी रेसलिंगवाल्यांचे, म्हणजे छोट्या स्वतंत्र कंपन्यांच्या शोमध्ये कुस्ती करणाऱ्यांचे पोशाख शिवते, हे तुझ्या आईने सांगितलंच असेल. शोच्या दिवशी पडद्यामागे टेबल टाकून बसते. कुणाची चेन अडकते, कुणाचा गुडघा उसवतो. मापं घेताना माणसं बोलतात, त्यामुळे कुणाच्या गाडीत एकटीने बसू नये हे मला लवकर कळायचं. माझ्या नेहमीच्या मुलींना मी ते हळूच सांगायचेही. वाटायचं, आपण आपल्या परीने केलं. मग एका शोला एक नवी मुलगी आली, असेल अठरा-एकोणीसची. रात्री तिला लिफ्ट कुणी दिली ते मी पाहिलं आणि सुईत दोरा ओवत बसले. माझी तिची ओळख नव्हती ना! महिन्याभराने ती यायचीच बंद झाली. जॅकेटसाठी तिने दिलेले वीस पौंड आगाऊ अजून माझ्याकडे आहेत. कुठे परत करायचे तेही कळलं नाही.

कुजबुजीचं हे असं आहे. ओळखीतल्या मुली वाचतात आणि जिला कुणी ओळखत नाही तिच्यापर्यंत ती पोचतच नाही. तुझ्या सात नावांचंही तेच होईल. दोन आठवडे गाजतील, आणि पुढच्या सप्टेंबरात नाव घालायला येणाऱ्या मुलीने ती वाचलेलीच नसतील.

जून 2020 मध्ये स्पीकिंग आउट झालं, म्हणजे या कुस्तीतल्या लैंगिक छळाबद्दल माणसं ऑनलाइन बोलायला लागली, तेव्हा तू शाळेत असशील. लॉकडाऊनमुळे शो बंद होते, माणसं घरी होती, आणि काही दिवसांतच ब्रिटन-अमेरिकेतल्या कित्येक जणींनी आणि काही मुलांनीही तोंड उघडलं. काही प्रमोशन्स, म्हणजे शो भरवणाऱ्या कंपन्या, बंद पडली, मोठ्या कंपन्यांनी काहींचे करार तोडले. आरोप झालेल्यांत एक जण असा होता की कामगारांच्या हक्कांवर सगळ्यांत मोठ्याने बोलायचा. त्याने आरोप नाकारले, पण कुस्तीवाल्यांच्या युनियनची गोष्ट त्याच्याच चेहऱ्यावर टांगलेली होती, ती त्याच्याबरोबर खाली आली. म्हणून तुम्ही मुली मिळून जो गट कराल त्याचा एकच चेहरा ठेवू नकोस. तुझाही नको.

पुढे इथल्या खासदारांचा एक सर्वपक्षीय गट बसला. एप्रिल 2021 मध्ये त्यांचा अहवाल आला. गोची अशी की ही कुस्ती खेळ की नाटक हेच ठरत नव्हतं, त्यामुळे खेळाचे नियम लागत नव्हते आणि रंगभूमीचेही नाही. कोल्हापुरात वस्तादाचा शब्द शेवटचा हे मी लहानपणापासून पाहिलंय, पण तिथे निदान वस्तादाच्या डोक्यावर गाव असतं. इथे औद्योगिक वसाहतीतलं एक गोदाम भाड्याने घेतलं, रिंग लावली, की झाला माणूस ट्रेनर. तोच शिकवणार, तोच बुकिंग म्हणजे शोमधलं काम देणार, त्याच्याच गाडीतून शोला जायचं. आल्या आल्या खोलीतल्या प्रत्येकाशी हात मिळवायचा, फुकटात रिंग लावायची, आणि आतली गोष्ट बाहेर न्यायची नाही. ही शेवटची रीत सामन्यांची गुपितं राखायला होती. नको त्या माणसांनी ती आपल्यावर पांघरून घेतली.

2023 साली दिल्लीत जंतर मंतरवर ऑलिंपिक पदकं जिंकलेले कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन बसले होते. सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर 28 एप्रिलला कुठे एफआयआर नोंदली गेली. पण त्यांना ज्याच्या दारात बसायचं असा एक कुस्ती महासंघ तरी होता. तुम्हाला दारच नाही. ते तुम्हालाच बांधावं लागणार.

आता पोस्टचं. इंग्लंडात बदनामीचा दावा झाला तर लिहिलेलं खरं आहे हे लिहिणाऱ्याने सिद्ध करायचं असतं. दुसरं म्हणजे, लैंगिक गुन्ह्याची तक्रार जिची आहे तिची ओळख कायद्याने आयुष्यभर झाकलेली असते. तिच्या लेखी संमतीशिवाय तिची ओळख पटेल असं काही छापलंस तर गुन्हा तुझ्यावर. ज्यांच्या सांगण्यावरून तू ही नावं टाकणार आहेस, त्यांतल्या किती जणींनी तुला हो म्हटलंय? 'तिला चालेल' हे हो नव्हे.

आणि त्यांना पुन्हा पुन्हा सांगायला लावू नकोस. तू पोलीस नाहीस. जिला लिहायचंय तिने स्वतःच्या शब्दांत एकदा लिहावं, तारीख घालावी आणि स्वतःजवळ ठेवावं. मेसेज पुसू नयेत. लैंगिक अत्याचारानंतर तपासणी करणारी केंद्रं इथे आहेत, पोलिसांत न जाताही तिथे थेट जाता येतं, हे प्रत्येकीला माहीत हवं. एखादी अठराच्या आतली असेल तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. ते तुला पाळता येणार नाही आणि पाळूही नये. 28 जून 2022 पासून इंग्लंड-वेल्समध्ये खेळाच्या प्रशिक्षकाने आपण नियमित शिकवतो त्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलीशी किंवा मुलाशी संबंध ठेवणं गुन्हा आहे, तिने हो म्हटलं असलं तरी. तुमच्या ट्रेनरला हे ठाऊक आहे का? एकदा सगळ्यांसमोर विचार, आणि उत्तरापेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे बघ.

मग काय करायचं? तुला कंटाळवाणं वाटेल. शोला कोण कुणाबरोबर जाणार हे आदल्या दिवशी ग्रुपवर लिहायचं. कपडे बदलायची खोली वेगळी आणि आतून कडी लागणारी. अठराच्या आतली मुलं मोठ्यांच्या गाडीत एकटी नाहीत. तक्रार ऐकायला दोन माणसं, त्यांतलं एक तरी बुकिंग न देणारं, शक्यतो या धंद्याबाहेरचंच. एवढं कागदावर घेऊन पाच-सहाजणी मिळून प्रमोटरकडे जा आणि हे लागू होईपर्यंत आम्ही रिंग लावणार नाही म्हणा. तुमच्या फुकटच्या हातांशिवाय त्याचा शो उभा राहत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे. तुम्हालाच कुणी सांगितलेलं नाही.

यात तुझं बुकिंग जाईल. कदाचित दोन-तीन मैत्रिणीही जातील, आणि हे तुला आधीच सांगितलेलं बरं.

शनिवारी मी लेस्टरला येतेय. नावांचा कागद आण, फोनवर पाठवू नकोस. त्या रात्री शोनंतर माझ्या गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. मागच्या आठवड्यात जी नवी मुलगी आली म्हणालीस, ती राहते कुठे ते विचारून ठेव.

तुझी,
मावशी