ब्राउन शुगर सोडण्यासाठीची जिभेखालची गोळी बोटीवर जाण्याआधी बंद करावी का?

आपला भाऊ ब्राउन शुगर, म्हणजे भेसळीचे हेरॉइन, सोडण्यासाठी काही महिन्यांपासून व्यसनमुक्ती केंद्रावर जाऊन जिभेखाली गोळी घेतो, 1 ऑगस्टला मासेमारी सुरू होताच त्याला खलाशी म्हणून बोटीवर जायचे आहे, आणि ‘एक व्यसन सुटून दुसरे लागले’ असे घरचे म्हणत असल्याने त्याआधी गोळी बंद करावी का, असे आपण विचारले आहे. रत्नागिरीकडच्या बंदरांतील अशा मुलांसोबत समुपदेशक म्हणून काम करताना मी प्रत्येक घरी एकच विनंती करतो: घाईने बंद करू नका.

ही गोळी बहुधा ब्युप्रेनॉर्फिनची असावी. मेंदूत ब्राउन शुगर जिथे काम करते तिथेच ती घट्ट चिकटते, परंतु तिचा जोर अर्धवट असल्यामुळे अंगदुखी, जुलाब, तळमळ ही टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याने होणारा त्रास, थांबते आणि नशेची ओढ ओसरते. केंद्रातील परिचारिका गोळीची पूड जिभेखाली ठेवून ती विरघळेपर्यंत समोर बसवते. हा अविश्वास नव्हे, कारण गिळलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. शरीराला या औषधाची सवय राहते, हे मी नाकारत नाही. मात्र जो मुलगा पुडीसाठी घरातली भांडी विकत होता तो आज वेळेवर जेवतो आणि जाळी विणतो, हा फरक घरच्यांनी पाहावा.

खरा धोका गोळी बंद झाल्यानंतरचा आहे. नशा झेलण्याची शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, हातात हंगामाचे पैसे येतात, आणि अशा वेळी पूर्वीइतकीच ब्राउन शुगर घेतली तरी श्वास थांबू शकतो. भर समुद्रात तर डॉक्टरही नसतो.

म्हणून जुलैमध्येच भावाला घेऊन केंद्रातील डॉक्टरांना भेटा, फेरी किती दिवसांची असते ते सांगा आणि तेवढ्या दिवसांच्या गोळ्या सोबत देता येतील का ते विचारा. त्या मिळाल्या तर कुलूपबंद डब्यात ठेवाव्यात. दारू किंवा झोपेच्या गोळ्या यांच्यासोबत हे औषध जिवावर बेतू शकते, हे त्याला स्पष्ट बजावा. टांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, काय सांगायचे, हे मात्र भावालाच ठरवू द्या.

पुढे त्याला स्वतःला गोळी सोडावीशी वाटली, तर डॉक्टर ती कित्येक आठवडे किंवा महिने थोडीथोडी कमी करतात. दरम्यान अडचण आल्यास 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विनामूल्य बोलता येते.