बोर्ड धुतलास का?

चि. बायस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज आणि बोर्डाचे चारही फोटो मिळाले. मोबाईलवर मला एवढं टाइप करता येत नाही, म्हणून कागद घेतला. टाकीतलं पाणी ओळखून पंप चालवायला तू जे सर्किट केलंस, त्यावर पंप चालत नाही याचं मला काही वाटलं नाही. शेवटी तू लिहिलंयस, ‘काका, ही विद्या माझ्या हातात नाहीच बहुतेक, तयार कंट्रोलर आणून लावते.’ ते वाचून मात्र जेवण गोड लागलं नाही.

पहाटे टाकी ठणठणीत रिकामी असते, तरी तुझं सर्किट ती भरलेली दाखवतं. दहा वाजता ऊन आलं की कुणी हात न लावता सगळं सुरळीत. या भानगडीत तू तीन आयसी बदलल्यास, पंप चालू-बंद करणारा रिले बदललास, दुकानदाराने नकली माल दिला म्हणून त्याच्याशी भांडलीस. बाय, बोर्ड धुतलास का?

नाही धुतलास. फोटोत 4093 या आयसीच्या पायांभोवती फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावतो त्याचा, पिवळट चिकट थर दिसतोय, आणि त्यात तुझ्या अंगठ्याचा ठसा.

4093 चा इनपुट, म्हणजे पाणी ओळखणारा पाय, 2.2 मेगाओहमच्या रेझिस्टरने 12 व्होल्टला वर धरलेला आहे. पाणी प्रोबला, म्हणजे टाकीत सोडलेल्या तारेला, टेकलं की त्याचं व्होल्टेज खाली येतं. डिझाइनमध्ये चूक नाही. पण हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. आषाढात मिठाच्या बरणीच्या तळाला पाणी सुटतं ते तू लहानपणापासून बघतेयस. तेच तुझ्या बोर्डावर होतंय. घामाचं मीठ, समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचं मीठ, बोर्डावरचं नको असलेलं तांबं खायला वापरलेलं आणि नीट न निघालेलं फेरिक क्लोराईड, हे सगळं त्या चिकट थरात बसलंय. त्यातून दोन ट्रॅकमध्ये, म्हणजे तांब्याच्या दोन रेषांमध्ये, समज 1 मेगाओहमची वाट तयार झाली, तर इनपुटवर 12 च्या जागी पावणेचार व्होल्ट उरतात आणि आयसी म्हणते, टाकी भरली. रात्री हवा गार झाली की आर्द्रता चढते, उन्हात उतरते. तुझं दहा वाजताचं कोडं एवढंच आहे.

पटत नसेल तर भर दुपारी करून बघ. पंपाची 230 व्होल्टची लाईन बोर्डापासून पूर्ण सोडव, प्रोबच्या वायरी काढ, आणि चष्म्याची काच पुसताना सोडतो तसा श्वास 4093 वर सोड. टाकी भरल्याचा एलईडी लागला, तर प्रोब, आयसी, दुकानदार सगळे निर्दोष.

2.2 मेगच्या रेझिस्टरच्या जागी 100 के, म्हणजे 100 किलोओहमचा, टाक असं तुला कुणीतरी सांगितलंय. टाकलंस तर चालेल, खोटं कशाला सांगू. यंदाचा पावसाळा निघेल. पण बोर्डावरच्या तांब्याची जाडी साधारण 35 मायक्रॉन असते, मिलिमीटरचा अठ्ठाविसावा भाग. खारट ओल आणि व्होल्टेज एकत्र आलं की ते तांबं एका ट्रॅकवरून सुटतं, समोरच्या ट्रॅकवर साचतं आणि तिथून मुळं फुटावीत तसं परत वाढत येतं. 100 के टाकून ते थांबत नाही, फक्त तुला दिसायचं बंद होतं. बोर्ड धू!

हे मी इतकं तोडून का बोलतो ते आज सांगतो. 1994 साली एका मित्राच्या होडीसाठी मी एक बोर्ड केला होता. तळात पाणी साचलं की पंप आपोआप लागावा म्हणून. टेबलावर झकास चालला. फ्लक्स धुवायचं आयसोप्रोपिल अल्कोहोल तेव्हा आमच्याकडे मिळत नव्हतं, श्रावणात होड्या पुन्हा दर्यात जायची घाई होती, मी तसाच डब्यात बंद करून दिला. कोळंबच्या खाडीत नांगरलेली होडी एका सकाळी पाण्याने अर्धी भरलेली सापडली. इंजिन गेलं. मी मित्राला सांगितलं, तुझ्या बॅटरीचं कनेक्शन ढिलं होतं. डबा घरी आणून उघडला तर आत हिरवं शेवाळ चढल्यासारखं तांबं. मी कुणाला बोललो नाही. त्याने कर्ज काढून इंजिन बांधून घेतलं. आता तो नाही, आणि माझं सांगायचं राहून गेलं.

तेव्हापासून माझ्या दुकानात सोल्डरिंगपेक्षा धुण्याला जास्त वेळ लागतो. गिऱ्हाईकं कंटाळून दुसरीकडे गेली. गेली तर गेली. जी राहिली त्यांचे बोर्ड उघडून बघ.

आता कसं धुवायचं. फेरिकमधून काढलेला बोर्ड आधी पाण्याने, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने घासून घे. (वापरलेलं फेरिक व्हाळात ओतू नकोस, त्यातल्या तांब्याने मासे मरतात. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठव.) सोल्डरिंग झाल्यावर आयसोप्रोपिल आणि जुना टूथब्रश. इथेच सगळे चुकतात: घासतात आणि तसंच वाळू देतात. मग फ्लक्स जात नाही, नुसता पसरतो. ओलं आहे तोवर सुती फडक्याने टिपून घे, परत ओत, परत टिप. फडकं पिवळं व्हायचं थांबेपर्यंत. शेवटी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर. तुमच्या विहिरीचं नको, मार्चनंतर ते मचूळ होतं, म्हणजे मीठ काढून मीठच लावल्यासारखं. उघडा रिले आणि प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा रेझिस्टर) धुऊन झाल्यावर बसव. मग 60 वॅटच्या बल्बखाली दोन-तीन तास वाळू दे, नंतरच लॅकर, म्हणजे वरून संरक्षक थर. मळावर लॅकर मारलंस तर मीठ आत कोंडलं जातं, आणि ते काढणं महाकर्म.

घरी एचिंग, म्हणजे फेरिकमध्ये ट्रॅक पाडणं, सोडून बाहेरून बोर्ड मागवू का, असं विचारलंयस. खुशाल मागव. ट्रॅक झाकणारा हिरवा थर, म्हणजे मास्क, लावलेला सुरेख बोर्ड येईल. पण सोल्डर तूच करणार ना? फ्लक्स तुझाच, बोटंही तुझीच. मी अजून घरीच करतो. लोक याला हट्ट म्हणतात. पण ट्रॅकमधलं अंतर रात्री बदलून सकाळी नवा बोर्ड हातात घेता येतो, ते सुख मला सोडवत नाही.

रविवारी सकाळच्या एसटीने ये. हाच बोर्ड आण, त्याला काही करू नकोस, पुसूही नकोस. आयसोप्रोपिलची बाटली माझ्याकडे आहे. आधी तू श्वास सोड, मग आपण धुऊ, मग परत सोड. दुपारी बांगड्याचं तिखलं आहे, काकीने आधीच ठरवलंय.

तुझा,
काका