रिस्क मॅनेजमेंटमध्ये करिअर करायचं आहे. एआय आणि सायबरमुळे पुढे कोणते धोके वाढतील? कोर्स कोणता करावा?

कोर्सचं आधी उरकते. आयआरएमच्या (इन्स्टिट्यूट ऑफ रिस्क मॅनेजमेंट) परीक्षा द्या, सीए असाल तर सोबत सीआयएसए (आयटी सिस्टिमच्या ऑडिटचं सर्टिफिकेट) करा. पुरे. धोक्यांच्या यादीबद्दल मात्र बोलायचंय, कारण अशी यादी मी सहा वर्षं एक्सेलमध्ये लाल-पिवळी-हिरवी करत होते, आणि आमचे पैसे गेले ते नवव्या ओळीतून. ती हिरवी होती, म्हणजे 'धोका कमी'.

चाकणजवळची ऑटो पार्ट्सची कंपनी. मार्च एंडिंग, शुक्रवारची दुपार. इटलीच्या मशिन सप्लायरचा मेल आला: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, स्पेअर्सचा अ‍ॅडव्हान्स या नव्या खात्यात टाका. खाली आमचेच जुने चार मेल, लोगो तोच, सही तीच. डोमेनमध्ये एक एल जास्त, तो कोण बघतो? आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, बदललेला. इटलीतलं खातं असेल तर तो आयटीने सुरू होतो, हा पीटीने होता, म्हणजे पोर्तुगाल. मेकरने, म्हणजे पेमेंट टाकणाऱ्याने, भरलं; चेकरने, म्हणजे ते मंजूर करणाऱ्याने, तपासलं. तपासलं म्हणजे तोच मेल उघडून आकडे जुळवले. ते जुळणारच! ४१ हजार युरो गेले. दहा दिवसांनी खऱ्या सप्लायरने पेमेंटची आठवण केली तेव्हा कळलं. बँकेने पैसे परत मागणारा स्विफ्ट मेसेज (बँकांमधला आंतरराष्ट्रीय निरोप) टाकला, तिकडून उत्तर आलं: खात्यात शिल्लक नाही.

विमा होता म्हणून सगळे निवांत. विमा कंपनी म्हणाली, तुमची सिस्टिम कोणी फोडलेली नाही, तुमच्याच माणसाने स्वतः पैसे पाठवले. सोशल इंजिनिअरिंगचं, म्हणजे माणसाला गंडवून केलेल्या फसवणुकीचं, कव्हर वेगळं घ्यायचं असतं, ते रिन्यूअलला तुम्ही वगळलंय. वगळलं कोणी, ते मला माहीत आहे.

या फसवणुकीच्या आठ महिने आधी मी एका ओळीचा नियम मागितला होता: सप्लायरचं खातं बदललं की व्हेंडर मास्टरमधल्या (आमच्याकडची सप्लायरची नोंद) जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नाही. फायनान्स हेड साहेब भर मीटिंगमध्ये म्हणाले, "मॅडम, आपल्याला धंदा करायचाय, पोलीस चौकी नाही चालवायची. मेकर-चेकर आहे ना?" सगळे हसले. मीही हसले, आणि राग त्याचाच जास्त येतो.

मेकर आणि चेकर एकाच कागदाकडे बघत असतील तर तुमच्याकडे चेकर नाहीच. पुण्यात कॉसमॉस बँकेचं ऑगस्ट २०१८ मध्ये काय झालं? हॅकर्सनी खोटा स्विच (एटीएम आणि बँकेच्या सिस्टिममधला दुवा) मध्ये बसवला. कार्डावर पैसे आहेत का, हा प्रश्न कोअर बँकिंगपर्यंत, म्हणजे खात्यांच्या मुख्य सिस्टिमपर्यंत, पोचतच नव्हता, मधूनच 'हो' येत होतं. स्विफ्टने हाँगकाँगला गेलेले धरून ९४ कोटी.

एआयमुळे बदललं ते इतकंच, की पूर्वी मेलमधलं मोडकं इंग्रजी वाचून संशय यायचा, आता येत नाही. हाँगकाँगमध्ये अरुप या इंजिनिअरिंग कंपनीच्या कर्मचाऱ्याला २०२४ मध्ये मेलचा संशय आला होता. मग व्हिडिओ कॉलवर सीएफओ आणि सहकारी दिसले, सगळे डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे चेहरे-आवाज, आणि त्याने २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. म्हणजे समोरून आलेला कॉल ही खातरजमा नव्हे. कॉल आपण लावायचा.

बाकी, दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरवर उभं असणं हा मोठा धोका. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या एका अपडेटने ८५ लाख कॉम्प्युटर बसले. त्याच महिन्याअखेर छोट्या बँकांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सी-एजवर रॅन्समवेअर (डेटा अडकवून खंडणी मागणारा हल्ला) आला आणि सुमारे ३०० छोट्या बँकांचे यूपीआय-एटीएम व्यवहार थांबले. त्या बँकांनी स्वतः काय चूक केली होती? आणि डेटा संरक्षण कायद्यातला २५० कोटींपर्यंतचा दंड वाचून ठेवा, इंटरव्ह्यूत विचारतात.

हे सगळं कारखान्यातल्या अनुभवावरून. बँकेत जाणार असाल तर निम्मं लागू नाही, तिथे रिझर्व्ह बँकच पुष्कळ काही करायला लावते. आणि पीटी दिसलं म्हणजे फसवणूकच असंही नाही, युरोपातल्या कंपन्यांची दुसऱ्या देशात खरीखुरी खाती असतात. साहेबांचा बचाव हाच होता आणि तो खोटा नव्हता. म्हणूनच फोन करायचा ना!

आता तो नियम आहे. एसओपीवर (कामाच्या लेखी पद्धतीचा कागद) 'प्रिपेअर्ड बाय'समोर साहेबांचं नाव, माझं खाली 'रिव्ह्यूड बाय'मध्ये. फोन कोणत्या नंबरवर करायचा, ते मात्र लिहायचं राहिलंय. दोनदा मेल केलाय.