वाचकांचे प्रश्न : जागा कमी, गॅलरी उभी

प्रश्न : अर्जेंटिनाच्या बोका ज्युनिअर्स क्लबचं बोंबोनेरा मैदान इतकं उभं का? प्रेक्षक उड्या मारतात तेव्हा ते हलतं म्हणे, मग पडत कसं नाही? आमच्या शाळेच्या मैदानाला पाच पायऱ्यांची गॅलरी करायची आहे. साइडलाइनपासून जागा ६ मीटर. बल्ल्या-फळ्यांची चालेल का?
– एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ब्यूनस आयर्सच्या ला बोका या दाट वस्तीत जागाच नव्हती. म्हणून २५ मे १९४० ला सुरू झालेल्या या मैदानाला तीन बाजूंनी उभ्या गॅलऱ्या आल्या आणि चौथी बाजू जवळपास भिंतीसारखी सरळ ठेवावी लागली. तिसरा मजला १९५३ चा. प्रेक्षक साइडलाइनच्या जितका जवळ, तितकी पायरी उंच लागते. हे गणित तुमच्याही कामाचं आहे.

पहिली पायरी ४० सेंमी उंच धरा. तिच्यावर बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर येतात. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांवरून १२ सेंमी वर जायला हवी. आपल्याकडे उन्हात डोक्याला दुपट्टा असतोच, त्याहून कमी धरू नका. पायरीची रुंदी ७५ सेंमी. आता १.२ मध्ये ०.१२ मिळवा, ६.७५ ने गुणा, ६ ने भागा आणि १.२ वजा करा. उत्तर ०.२८५, म्हणजे दुसरी पायरी पहिलीपेक्षा २९ सेंमी उंच. पुढच्या पायऱ्या ३०, ३१, ३२. पहिली रांग २ मीटरवर आणली तर हीच उंची ६२ सेंमीवर जाते! उलट गवंड्यानं जिन्याच्या सवयीनं १५ सेंमीची पायरी घेतली, तर मागच्याची नजर नेमकी पुढच्याच्या डोक्यात अडते आणि साइडलाइनवरचा चेंडू दिसत नाही. ही चूक गावोगावी होते. चढायच्या वाटेत प्रत्येक पायरीला एक अर्धी पायरी द्या, नाहीतर म्हातारी माणसं चढणार नाहीत.

आता हलण्याचं. गर्दी एका तालात सेकंदाला सुमारे दोन उड्या मारते. गॅलरीचा स्वतःचा डोल त्या तालाजवळ असला, तर झोक्याला नेमक्या वेळी ढकलावं तसा तो वाढत जातो. बोंबोनेराच्या काँक्रीटमधल्या सळ्या ताण घेतात, ते किंचित वाकतं आणि परत जागेवर येतं. तिथले चाहते म्हणतात, ते हादरत नाही, धडधडतं. बल्ल्यांच्या गॅलरीत मात्र दर उडीला गाठी सैल होतात, आणि तिरपे आधार नसले की सगळा सांगाडा आडवा कलतो. नाचणाऱ्या पोरांसाठी ती बांधू नका, ही कळकळीची विनंती.

भरावाचीच करा. काळी माती अजिबात नको. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पायऱ्या वाकड्या होतात. मुरूम १५-१५ सेंमीच्या थरात टाका, पाणी मारा, प्रत्येक थर धुम्मसनं ठोका. एकदम मीटरभर टाकून वरून दबाई केली तर आतला भाग पोकळच राहतो आणि पहिल्या पावसात खचतो. पुढे दगडाची भिंत, तिच्यात पाणी निघायला भोकं. मागे सर्वात वरच्या पायरीला कठडा हवाच.

प्रश्न : बोंबोनेरा म्हणजे काय?
– एक विद्यार्थी, साकोली

उत्तर : चॉकलेटचा डबा, आकारावरून पडलेलं नाव. अधिकृत नाव क्लबचे माजी अध्यक्ष आल्बेर्तो आर्मांदो यांचं आहे.