वाचकांचे प्रश्न : घरून जोडणाऱ्यांना मर्यादा कशी घालावी?

प्रश्न : आमचे कार्यालय ठाण्यातील वागळे इस्टेटमध्ये आहे. सुमारे ३५ कर्मचारी डोंबिवली, कळवा, ऐरोली येथील आपापल्या घरून व्हीपीएनद्वारे (इंटरनेटवरून जाणाऱ्या सुरक्षित खासगी जोडणीद्वारे) कार्यालयाच्या नेटवर्कला जोडले जातात. काही जण एकच पासवर्ड वाटून वापरतात आणि काहींची जोडणी रात्रभर सुरू राहते, म्हणून आम्ही फ्रीरेडियस हा जोडणाऱ्यांची ओळख तपासणारा आणि नोंद ठेवणारा सर्व्हर प्रोग्राम बसवून एका नावावर एका वेळी एकच जोडणी असा नियम केला. मात्र कार्यालयातील वीज जाऊन आली की कोणीही जोडलेले नसताना ‘आपण आधीच जोडलेले आहात’ असे सांगून सर्वांनाच नाकारले जाते. हा नियम काढून टाकावा काय?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नियम काढू नये, तो ज्या हिशेबावर उभा आहे, तो हिशेब आधी दुरुस्त करावा.

फ्रीरेडियस ज्या रेडियस पद्धतीवर चालतो, ती पद्धत लिव्हिंग्स्टन या कंपनीने १९९१ मध्ये मोडेम लावून फोनवरून येणाऱ्या वापरकर्त्यांसाठी तयार केली, आणि तिच्या पूर्ण नावातील ‘डायल-इन’ हे शब्द त्या काळापासून टिकून आहेत. तिच्यात ओळख पटवण्याचे काम आणि वापराची नोंद ठेवण्याचे काम वेगवेगळे चालते. पहिल्यासाठी १८१२ आणि दुसऱ्यासाठी १८१३ हा पोर्ट, म्हणजे संदेश स्वीकारण्याच्या दाराचा क्रमांक, असतो. जोडणी सुरू झाली की आपला व्हीपीएन राउटर ‘स्टार्ट’ ही नोंद पाठवतो आणि संपली की ‘स्टॉप’. आपला नियम माणसे मोजत नाही, तर ज्यांची ‘स्टॉप’ अजून आलेली नाही अशा नोंदी मोजतो. राउटरचीच वीज गेली तर ‘स्टॉप’ पाठवणारे कोणी उरत नाही, आणि ती उघडी राहिलेली नोंद दुसऱ्या दिवशी एखाद्या निरपराध कर्मचाऱ्याची वाट अडवते.

यासाठी पहिली गोष्ट अशी, की राउटर पुन्हा सुरू झाल्यावर ‘अकाउंटिंग-ऑन’ (मी नव्याने सुरू झालो आहे) हा संदेश पाठवतो का, आणि तो आल्यावर त्या राउटरच्या सर्व जुन्या नोंदी सर्व्हर बंद करतो का, हे सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे घडामोडींच्या नोंदवहीत, पाहावे. काही स्वस्त राउटर हा संदेश पाठवतच नाहीत. तसे असल्यास चालू जोडणीची नोंद ठरावीक अंतराने पाठवण्याची सोय सुरू करावी. हे अंतर ६०० सेकंदांपेक्षा कमी नसावे, अशी या पद्धतीच्या मानकातील शिफारस आहे. मग सलग तीन वेळा जिची खबर आली नाही, ती नोंद मृत समजून बंद करता येते. फ्रीरेडियससोबत ‘चेकरॅड’ नावाची स्क्रिप्टही मिळते. नकार देण्यापूर्वी ती थेट राउटरलाच विचारते, की हा वापरकर्ता खरोखर जोडलेला आहे काय. आपला राउटर तिला उत्तर देऊ शकत असेल, तर माझ्या मते ती अवश्य वापरावी.

रात्रभर चालणाऱ्या जोडण्यांसाठी केवळ ‘आयडल-टाइमआउट’वर, म्हणजे काही वेळ वापर नसल्यास जोडणी तोडण्याच्या सोयीवर, विसंबू नये, कारण उघडा राहिलेला ईमेल प्रोग्राम दर काही मिनिटांनी सर्व्हरकडे डोकावत असतो आणि माणूस झोपलेला असला तरी जोडणी निष्क्रिय ठरत नाही. त्यापेक्षा ‘एसक्यूएलकाउंटर’ या मोड्यूलने रोजची कमाल वेळ ठरवावी. प्रत्येक प्रवेशाच्या वेळी ते शिल्लक वेळ काढून ‘सेशन-टाइमआउट’ म्हणून राउटरला कळवते. वेळ संपल्यावर जोडणी प्रत्यक्ष तोडतो तो मात्र राउटर, म्हणून तो ही सूचना पाळतो याची खात्री आधी करून घ्यावी.

पासवर्ड वाटून घेण्याचा प्रश्न मर्यादेने सुटणार नाही. एकाच वेळी दोघे येणार नाहीत, पण पाळीपाळीने येतच राहतील, आणि एकाने केलेले काम नोंदवहीत दुसऱ्याच्या नावावर चढेल. उद्या एखादी फाइल पुसली गेली तर ज्याचे नाव तेथे आहे त्याच्यावर अन्याय होईल. म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि त्याच्या संगणकासाठी स्वतंत्र प्रमाणपत्र (त्या संगणकाची ओळख पटवणारी डिजिटल फाइल) द्यावे.

हे सर्व केल्यावर एका संध्याकाळी काम संपल्यानंतर, दोन-तीन जणांना घरून जोडलेले ठेवून, राउटरचा प्लग स्वतः काढावा, पाच मिनिटांनी पुन्हा लावावा आणि नोंदवहीत किती नोंदी उघड्या राहिल्या ते मोजावे. एकही राहिली नाही, तर ‘एका वेळी एकच’ हा नियम दुसऱ्या दिवसापासून निर्धास्तपणे लागू करावा.