पुस्तकातला नियम की गेम मास्टरचा निर्णय?

प्रश्न : वणी तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही पाच जण दर रविवारी ओसरीवर 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या काल्पनिक पात्रं घेऊन फाशांवर खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो. गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा आणि निर्णय देणारा, मी. नियम शोधण्यातच अर्धी संध्याकाळ जाते. अंदाजानं निर्णय दिला तर पक्षपाताची तक्रार होते. काय करावं?

उत्तर : पात्राचा जीव पणाला लागला असेल तिथे पुस्तक उघडाच. समजा, एखादं पात्र 40 फूट खोल कोरड्या विहिरीत दोराशिवाय उडी मारतंय. पडल्याची इजा दर 10 फुटांना सहा बाजूंचा एक फासा, म्हणजे चार फासे. सरासरी इजा 14. पहिल्या पातळीच्या बहुतेक पात्रांना एवढी झेपत नाही. हे उडी मारण्याआधी सांगा.

बाकी वेळी दोन मिनिटांत नियम सापडला नाही तर पुस्तक मिटा. यशासाठी फासा टाकून गाठायचा आकडा असा धरा : सोप्या कामाला 10, मध्यमला 15, अवघडला 20. आकडा फासा टाकण्यापूर्वी मोठ्यानं सांगा. भांडणाचं मूळ इथंच असतं. फासा पडल्यावर आकडा ठरला की कोणालाही तो मुद्दाम ठरवल्यासारखा वाटणारच. खेळाडूनं मोटेचा नाडा कडुनिंबाच्या बुंध्याला बांधून उतरायची युक्ती काढली, तर आकडा तोच ठेवा. वीस बाजूंचा फासा दोनदा टाकू द्या आणि मोठा धरा. 11 किंवा जास्त हवे असतील तर शक्यता 50 वरून 75 टक्क्यांवर जाते.

निर्णय वहीत लिहा, नियम नंतर निवांत पाहा. चुकला असेल तर दुरुस्ती पुढच्या रविवारपासून. झालेला प्रसंग उकरू नका.